हरवलेलं एक्स्टेंशन

वर्डप्रेसच्या फाइली सर्व्हरवर चढवून पहिल्यांदा साइट उघडणाऱ्या अनेकांना आजवर एक इंग्रजी वाक्य भेटलं आहे. त्याचा अर्थ असा: तुमच्या पीएचपीमध्ये मायएसक्यूएलचं एक्स्टेंशन दिसत नाही आणि वर्डप्रेसला ते लागतं. साइट तिथेच थांबते. वाचणारा गोंधळतो, कारण वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलेलं आहे ती पीएचपी तर चालू आहे. ती चालू नसती तर हे वाक्यही पडद्यावर आलं नसतं. मायएसक्यूएल हा डेटाबेससुद्धा चालू आहे. दुसऱ्या खिडकीतून त्यात शिरून तक्ते पाहता येतात. दोन्ही प्रोग्राम एकाच यंत्रावर ठणठणीत आहेत आणि तरीही एकमेकांशी बोलू शकत नाहीत.

हा अनुभव जगभरात इतक्या जणांना इतकी वर्षं येत राहिला आहे, की त्याला केवळ नवशिक्यांची अडचण म्हणून बाजूला सारता येत नाही. त्यामागे परवान्यांचा एक वाद आहे, सुरक्षिततेचा एक मोठा धडा आहे आणि सॉफ्टवेअर एकमेकांवर किती विसंबून असतं याचं एक स्वच्छ उदाहरण आहे. पीएचपीत डेटाबेसची सोय नसते, तेव्हा ती बहुतेक वेळा कुणीतरी विचारपूर्वक काढून ठेवलेली असते. कुणी आणि का, हे समजलं की दुरुस्तीचा रस्ताही दिसू लागतो.

गाभा आणि एक्स्टेंशन

पीएचपीच्या गाभ्याला चल, अटी, आवर्तनं, फंक्शनं या गोष्टी कळतात. मजकूर जोडणं, तोडणं, त्यात शोध घेणं हेही जमतं. पण चित्राचा आकार बदलायचा असेल, दुसऱ्या साइटवरून माहिती आणायची असेल किंवा डेटाबेसमध्ये नोंद करायची असेल, तर ते काम एक्स्टेंशन करतं. एक्स्टेंशन म्हणजे साधारणपणे सी भाषेत लिहिलेला पूरक प्रोग्राम. पीएचपी सुरू होताना तो गाभ्याला येऊन मिळतो आणि आपल्याकडच्या फंक्शनांची नावं गाभ्याच्या यादीत नोंदवतो. कुठल्याही फंक्शनची हाक आली की गाभा या यादीत पाहतो. ‘मायएसक्यूएल_कनेक्ट’ हे नाव यादीत नसेल, तर ‘अनडिफाइन्ड फंक्शन’ असं सांगून काम थांबवतो. हा संदेश शब्दशः खरा असतो: या नावाचं फंक्शन मला ठाऊक नाही.

एक्स्टेंशन जोडायच्या पद्धती दोन. पीएचपीचा सोर्स कोड कम्पाइल करतानाच ते आत घालता येतं, किंवा वेगळी फाइल म्हणून ठेवून सुरुवातीला आत ओढता येतं. घर बांधताना भिंतीत टाकलेलं वायरिंग आणि नंतर सॉकेटला लावलेलं उपकरण यांत जो फरक, तोच इथे. पहिल्यासाठी बांधकामाच्या वेळीच ठरवावं लागतं, दुसरं कधीही लावता-काढता येतं. वेगळ्या फाइलीची वाट स्वीकारली, तर ‘पीएचपी.आयएनआय’ या सेटिंग्जच्या फाइलीत, किंवा तिला जोडून वाचल्या जाणाऱ्या छोट्या फाइलींत, त्या एक्स्टेंशनचं नाव असावं लागतं.

डेटाबेसच्या बाबतीत आणखी एक थर असतो. मायएसक्यूएल सर्व्हर सहसा ३३०६ क्रमांकाच्या पोर्टवर कान देऊन बसलेला असतो आणि त्याची बोलण्याची रीत ठरलेली आहे. संपर्क झाल्यावर तो आधी आपली आवृत्ती सांगतो आणि एक यादृच्छिक मजकूर पाठवतो. पलीकडच्याने त्या मजकुराच्या आधारे पासवर्डची खूण तयार करून परत पाठवायची. ती जुळली की मग प्रश्नोत्तरं सुरू होतात. ही सगळी रीत जाणणारा प्रोग्राम म्हणजे क्लायंट लायब्ररी. पीएचपीचं जुनं मायएसक्यूएल एक्स्टेंशन या लायब्ररीवरचं एक पातळ आवरण होतं. म्हणजे जोडणीसाठी दोन गोष्टी हव्यात: एक्स्टेंशन आणि त्याच्या पोटातली लायब्ररी. पुढे जो वाद झाला, तो या लायब्ररीवरून.

जोडीचा सुवर्णकाळ

ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रॅस्मस लेर्डॉर्फ यांनी १९९५ च्या जूनमध्ये आपल्या वैयक्तिक वेबपानांसाठी लिहिलेली साधनं जगापुढे ठेवली. त्यातून पीएचपी वाढत गेली. त्याच वर्षी मॉन्टी विडेनियस, डेव्हिड अॅक्समार्क आणि अॅलन लार्सन यांच्या कामातून मायएसक्यूएल आकाराला आलं. त्याआधी डेव्हिड ह्यूज यांचा एमएसक्यूएल नावाचा छोटा डेटाबेस लोकप्रिय होता आणि लेर्डॉर्फ यांच्या साधनांना तो वापरता येत असे. मायएसक्यूएलच्या कर्त्यांनी आपली फंक्शनं एमएसक्यूएलच्या धाटणीची ठेवली, म्हणजे आधी लिहिलेले प्रोग्राम फारशी मोडतोड न करता इकडे आणता यावेत. इतरांची ये-जा सोपी करणारा हा निर्णय मायएसक्यूएलच्या प्रसाराला फार उपयोगी पडला.

१९९८ मध्ये इस्राएलच्या अँडी गुटमान्स आणि झीव सुरास्की यांच्या पुढाकाराने पीएचपी ३ आली. बाहेरच्या कुणालाही एक्स्टेंशन लिहून जोडता येईल अशी तिची रचना होती, आणि तिच्या यशाचं मोठं श्रेय या मोकळेपणाला जातं. त्याच वर्षी एका जर्मन मासिकात मिखाएल कुन्झे यांनी लिनक्स, अपाची, मायएसक्यूएल आणि पीएचपी यांच्या आद्याक्षरांतून ‘लॅम्प’ हे नाव वापरलं. स्वस्तात, मुक्त सॉफ्टवेअरवर साइट उभी करायची रीतच त्यातून रूढ झाली.

मे २००० मध्ये आलेल्या पीएचपी ४ मध्ये मायएसक्यूएलची क्लायंट लायब्ररी सोबतच येत असे आणि एक्स्टेंशन आपोआप चालू असे. पीएचपी बसवली की मायएसक्यूएलशी बोलता येणारच, हे लोकांनी गृहीत धरलं. पुस्तकं, शिकवण्या, तयार कोड, सगळं त्याच गृहीतावर लिहिलं गेलं. ही सोय वेगळी आहे, ती कुणीतरी जोडून दिलेली आहे, हे वापरणाऱ्यांना कळण्याचं कारणच उरलं नव्हतं.

परवान्याची गाठ

१३ जुलै २००४ रोजी पीएचपी ५ आली आणि तिच्यातून मायएसक्यूएलची लायब्ररी वगळलेली होती. एक्स्टेंशन हवं असेल, तर ते स्वतः चालू करायचं. नव्या आवृत्तीवर गेलेल्या असंख्य साइट पहिल्याच ओळीला अडखळल्या.

यामागचं सर्वांत गाजलेलं कारण परवान्याचं होतं. मायएसक्यूएलची क्लायंट लायब्ररी आधी एलजीपीएल या तुलनेने सैल परवान्याखाली मिळत असे. मायएसक्यूएल ४.० पासून ते बनवणाऱ्या कंपनीने तिला जीपीएल लागू केला. जीपीएलची अट अशी, की त्याखालचा कोड मिसळून तयार झालेला प्रोग्राम वितरित करायचा, तर तो सबंध प्रोग्राम जीपीएलच्याच अटींवर द्यावा लागतो. पीएचपी ३ दोन परवान्यांखाली मिळत होती आणि त्यात एक जीपीएल होता. पीएचपी ४ पासून केवळ पीएचपीचा स्वतःचा परवाना उरला. त्या परवान्यात ‘पीएचपी’ हे नाव वापरण्यावर बंधन आहे, आणि असं जादा बंधन जीपीएलला चालत नाही. दोन्ही बाजू मुक्त सॉफ्टवेअरच्या, दोघांचेही वापरकर्ते तेच. तरी कायद्याच्या भाषेत दोन कोड एका गाठोड्यात बांधता येईनात. मायएसक्यूएल कंपनीने २००४ मध्येच मुक्त परवान्यांच्या एका यादीसाठी खास सवलत जाहीर केली आणि पीएचपीचा रस्ता मोकळा केला. पण लायब्ररी सोबत न देण्याचा निर्णय कायम राहिला.

तो कायम राहिला, कारण तांत्रिक कारणंही भक्कम होती. पीएचपीसोबत येणारी प्रत मूळ लायब्ररीच्या मागे पडत चालली होती; तिच्याकडे सतत लक्ष देणारं कुणी नव्हतं. बहुतेक सर्व्हरांवर मायएसक्यूएलची लायब्ररी आधीच असे. मग एकाच अपाचीत एका मॉड्यूलने एक प्रत उचलली आणि पीएचपीने दुसरी, की सर्व्हर कोसळण्याची वेळ येई. सोबत दिलेली प्रत आणि बसवलेला सर्व्हर यांचं सॉकेटच्या फाइलीच्या, म्हणजे एकाच यंत्रावरचे प्रोग्राम जिच्यातून बोलतात त्या फाइलीच्या, जागेवरही एकमत नसे. वरवर सोयीची वाटणारी ती भेट आतून बरेच प्रश्न निर्माण करत होती. त्याच पीएचपी ५ मध्ये एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस मात्र आत घेतला गेला. तो पब्लिक डोमेनमध्ये असल्याने परवान्याची अडचण नव्हती, आणि त्याला वेगळा सर्व्हरही लागत नाही.

परवान्याची गाठ खऱ्या अर्थाने सुटली ती पाच वर्षांनी. गेऑर्ग रिश्टर, आंद्रे ह्रिस्तोव्ह आणि उल्फ वेन्डेल यांनी मायएसक्यूएलची बोली जाणणारी लायब्ररी नव्याने लिहिली आणि पीएचपीच्या परवान्याखाली पीएचपीला दिली. तिचं नाव मायएसक्यूएलएनडी; शेवटच्या दोन अक्षरांचा अर्थ ‘नेटिव्ह ड्रायव्हर’. पीएचपी ५.३ मध्ये, २००९ साली, ती आत आली आणि २०१२ च्या ५.४ पासून नेहमीची निवड ठरली. ती पीएचपीची स्वतःची स्मृतिव्यवस्था वापरते, त्यामुळे डेटाबेसकडून आलेल्या नोंदींच्या दोन-दोन प्रती बाळगाव्या लागत नाहीत. हे काम करणारी मंडळी मायएसक्यूएलच्याच गोटातली होती, हे मला फार मोलाचं वाटतं. वकिली भाषेत अडलेला प्रश्न त्यांनी कोड लिहून सोडवला.

दुसऱ्यांदा गायब

लायब्ररीचा प्रश्न सुटला तोवर खुद्द एक्स्टेंशनचे दिवस भरत आले होते. ‘मायएसक्यूएल_’ या उपसर्गाची जुनी फंक्शनं २०१३ च्या पीएचपी ५.५ मध्ये कालबाह्य ठरवली गेली आणि ३ डिसेंबर २०१५ ला आलेल्या पीएचपी ७ मधून काढून टाकली गेली. ‘अनडिफाइन्ड फंक्शन’ हा संदेश पुन्हा सगळीकडे दिसू लागला. या खेपेला पॅकेज बसवून भागणार नव्हतं. कोडच बदलायला हवा होता.

हा निर्णय कठोर वाटला, पण योग्य होता. जुन्या पद्धतीत प्रोग्रामर डेटाबेसला द्यायचा प्रश्न मजकूर म्हणून तयार करत असे आणि वापरकर्त्याने भरलेलं नाव त्या मजकुरात चिकटवत असे. भरणाऱ्याने नावात अवतरणचिन्ह टाकलं, की डेटाबेसच्या दृष्टीने नाव तिथेच संपतं आणि पुढचा मजकूर आज्ञा बनतो. ही फट वापरून पासवर्डविना आत शिरता येतं, तक्ते वाचता येतात, पुसताही येतात. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. अशा चिन्हांना निरुपद्रवी करणारं फंक्शन जुन्या एक्स्टेंशनमध्ये होतं, पण ते प्रत्येक ठिकाणी आठवणीने वापरावं लागे, आणि एक जागा सुटली तरी पुरे.

नव्या पद्धतीत प्रश्नाचा साचा आधी पाठवतात. त्यात मोकळ्या जागी खुणा असतात आणि मूल्यं मागाहून, वेगळी जातात. मूल्यात काहीही लिहिलेलं असो, डेटाबेस त्याकडे मूल्य म्हणूनच पाहतो. याला प्रिपेअर्ड स्टेटमेंट म्हणतात. जुन्या एक्स्टेंशनमध्ये ही सोय नव्हतीच. पीएचपी ५.० मध्ये आलेलं मायएसक्यूएलआय आणि ५.१ पासून सोबत मिळणारं पीडीओ, दोघांतही ती आहे. पीडीओने आणखी एक गोष्ट साधली: मायएसक्यूएल, पोस्टग्रेस किंवा एसक्यूलाइट यांपैकी काहीही वापरा, फंक्शनांची नावं तीच राहतात, फक्त ड्रायव्हर बदलतो.

पीएचपी ५.६ ची सुरक्षा-दुरुस्ती २०१८ च्या अखेरीस थांबली आणि होस्टिंगवाले ग्राहकांना ७ वर नेऊ लागले. वर्डप्रेसने एप्रिल २०१४ च्या ३.९ आवृत्तीपासूनच नव्या पीएचपीवर मायएसक्यूएलआय वापरायला सुरुवात केली होती, म्हणून ते तरलं. कुणीतरी दहा वर्षांपूर्वी करून दिलेल्या आणि नंतर कुणी हात न लावलेल्या छोट्या संस्थांच्या, दुकानांच्या साइटना मात्र हा फटका जोरात बसला.

संदेश काय सांगतो

आज ही अडचण समोर आली, तर सर्वांत आधी संदेश नीट वाचावा. प्रत्येक संदेश वेगळ्या थराकडे बोट दाखवतो.

मायएसक्यूएलआयचं फंक्शन किंवा क्लास सापडत नाही असं म्हटलं असेल, तर एक्स्टेंशन चढलेलं नाही. पीडीओ ‘कुड नॉट फाइंड ड्रायव्हर’ म्हणाला, तर पीडीओ आहे, पण त्याचा मायएसक्यूएलचा ड्रायव्हर नाही. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे पीएचपीची बाजू तयार आहे, पलीकडे सर्व्हर ऐकत नाही. ‘अॅक्सेस डिनाइड’ ही तर जवळजवळ आनंदाची बातमी: दोघांची भेट झाली, फक्त नाव किंवा पासवर्ड चुकला. ‘नो सच फाइल’ असा संदेश अनेकदा सॉकेटच्या फाइलीबद्दल असतो. लिनक्सवर ‘लोकलहोस्ट’ लिहिलं की पीएचपी सॉकेटची फाइल शोधते, १२७.०.०.१ लिहिलं की नेटवर्कच्या वाटेने जाते. आणि सर्व्हरने मागितलेली ओळख पटवण्याची पद्धत क्लायंटला ठाऊक नाही, असं दिसलं तर आवृत्त्यांमध्ये अंतर पडलं आहे. २०१८ मध्ये मायएसक्यूएल ८.० ने पासवर्डची नवी पद्धत मूळ म्हणून स्वीकारली, तेव्हा जुन्या पीएचपी अशाच बाहेर राहिल्या.

पान पूर्ण कोरं येत असेल, तर बहुधा त्रुटी पडद्यावर दाखवणं बंद आहे. अशा वेळी सर्व्हरची लॉग फाइल उघडावी; वाक्य तिथे असतं.

एक्स्टेंशन चढलं आहे का, हे ‘पीएचपीइन्फो’ हे फंक्शन ब्राउझरमधून चालवल्यावर कळतं. ते पान सर्व्हरची बरीच गुपितं उघड करतं, म्हणून काम झालं की पुसून टाकावं. टर्मिनलवरही चढलेल्या एक्स्टेंशनांची यादी मिळते, पण तिच्यावर पूर्ण विसंबू नये. डेबियन आणि उबुंटूवर टर्मिनलच्या पीएचपीची आणि वेब सर्व्हरच्या पीएचपीची सेटिंग्ज वेगळ्या फोल्डरांत असतात. एका बाजूला एक्स्टेंशन आहे आणि दुसरीकडे नाही, हे सहज घडतं. यंत्रावर पीएचपीच्या दोन आवृत्त्या असतील, तर ही शक्यता आणखी वाढते.

डेबियन-उबुंटूवर ‘पीएचपी-मायएसक्यूएल’ हे पॅकेज लागतं, फेडोरा आणि रेड हॅटच्या घराण्यात ‘पीएचपी-मायएसक्यूएलएनडी’. विंडोजवर एक्स्टेंशनची फाइल सहसा आलेली असते. आयएनआय फाइलीतल्या तिच्या ओळीपुढचा अर्धविराम काढायचा आणि एक्स्टेंशनांच्या फोल्डरचा पत्ता बरोबर आहे ना, ते पाहायचं. तरीही फाइल चढत नसेल, तर ती वेगळ्या बांधणीची असू शकते: ३२ बिटांची विरुद्ध ६४ बिटांची, किंवा थ्रेड-सेफ विरुद्ध नॉन-थ्रेड-सेफ. डॉकरच्या अधिकृत पीएचपी प्रतिमेत मायएसक्यूएलआय आणि पीडीओचा मायएसक्यूएल ड्रायव्हर दोन्ही नसतात. प्रतिमा बांधताना ते सांगून बसवावे लागतात. हे सगळं करून वेब सर्व्हर किंवा पीएचपी-एफपीएम पुन्हा सुरू करायचं विसरू नये, कारण एक्स्टेंशन सुरुवातीलाच आत घेतलं जातं.

मराठी साइटसाठी एक पायरी पुढे आहे. जोडणी झाली तरी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसू शकते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि जोडणीचा कॅरेक्टर सेट लॅटिन राहिला, तर त्या चिन्हांना तिथे जागाच नसते. अशा जोडणीतून साठवलेली प्रश्नचिन्हं नंतर अक्षरांत बदलत नाहीत. मूळ मजकूर गेलेला असतो. म्हणून जोडणी होताच कॅरेक्टर सेट ‘यूटीएफ८एमबी४’ ठरवावा आणि तक्तेही त्याच सेटमध्ये असावेत.

गरज आधी सांगावी

वगळण्याचे हे निर्णय एकेक करून पाहिले, तर प्रत्येकाला कारण आहे. पीएचपीवाल्यांनी लायब्ररी काढली ती परवाना आणि स्थैर्य यांसाठी. जुनी फंक्शनं काढली ती सुरक्षेसाठी. डेबियनने पॅकेज वेगळं ठेवलं, कारण पोस्टग्रेस वापरणाऱ्याला मायएसक्यूएल कशाला? डॉकरची प्रतिमा लहान ठेवली, कारण ती लाखो वेळा उतरवली जाते. पण या शहाण्या निर्णयांचा भार अखेरीस त्या माणसावर पडतो, जो शेवटी साइट बसवत असतो आणि ज्याला यांपैकी काहीच कुणी सांगितलेलं नसतं.

तो भार हलका करणं प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हातात आहे. वर्डप्रेसचा तो संदेश याचा चांगला नमुना आहे. वर्डप्रेस सुरुवातीलाच तपासतं, की हवं ते एक्स्टेंशन आहे का, आणि नसेल तर काय नाही ते साध्या वाक्यात सांगतं. तपासणी न करणारा प्रोग्राम पुढे कुठेतरी, एखाद्या नोंदीच्या मध्यावर कोसळतो. पीएचपीत ‘एक्स्टेंशन_लोडेड’ हे फंक्शन नेमकं या कामासाठी आहे. पीएचपीची पॅकेजेस बसवणारं कम्पोझर हे साधन वापरणाऱ्यांना तर प्रकल्पाच्या फाइलीत पीडीओ किंवा मायएसक्यूएलआय एक्स्टेंशनची गरज एका ओळीत नोंदवता येते. ते नसेल, तर कम्पोझर पॅकेजेस बसवायलाच नकार देतो आणि कारण सांगतो.

ही एक ओळ लिहायला काही सेकंद लागतात. ती नसली, तर दुसऱ्या गावातल्या, दुसऱ्या यंत्रावर बसलेल्या अनोळखी माणसाची अख्खी संध्याकाळ जाते. आपल्या प्रोग्रामला काय लागतं, हे आपल्याला लिहितानाच ठाऊक असतं. मग ते त्याच वेळी नोंदवून ठेवणं हे चांगल्या प्रोग्रामरचं कर्तव्यच आहे.